झाडाच्या वतीने

एक्केचाळीस वर्षं फुसाए झाडाच्या वतीने बोलत आली होती.

जानेवारीची पंधरा तारीख आली, की सकाळी ती अझुकी या लाल कडधान्याची पेज रांधायची. पेज शिजत आली की तिचा नवरा शिगेझो खोपीतल्या खिळ्यावरची छोटी कुऱ्हाड काढून परसात जायचा आणि त्याच्या मागोमाग ती वाफाळता वाडगा घेऊन. खोपीला लागूनच पर्सिमनचं थोरलं फळझाड होतं, शिगेझोच्या आजोबांनी कलम बांधलेलं. त्याच्यापुढे पाय रोवून शिगेझो कुऱ्हाड उगारायचा आणि वर्षभर कुठे ठेवलेला असायचा कोण जाणे असा आवाज काढून ओरडायचा, "यंदा फळ धरशील की नाही? नाही धरलंस तर तोडून टाकीन!"

बुंध्याआडून फुसाए झाड होऊन म्हणायची, "धरीन, धरीन!"

मग तो सालीवर बोटभर खाच पाडायचा, ती त्या खाचेत चमचाभर पेज भरायची, आणि दोघं नाकं पुसत आत येऊन उरलेली पेज संपवायची. झालं. वर्षाचा करार झाला.

लग्न होऊन आली तेव्हा झाड व्हायचं काम सासूबाईंकडे होतं. पुढच्याच वर्षी त्या म्हणाल्या, "माझे गुडघे गेले. आता झाड तू हो." पहिल्या खेपेला फुसाए इतकं हळू बोलली, की शिगेझोने कुऱ्हाड खाली घेऊन विचारलं होतं, "झाडाला सर्दी झालीय का?" ज्या घरात भिंतीला रंग कुठला लावायचा हेसुद्धा कधी तिला कुणी विचारलं नव्हतं, त्या घरात वर्षातून एकदा तिला प्रश्न विचारला जायचा आणि तिच्या उत्तरावर सगळं वर्ष उभं राहायचं. ती नाही कसं म्हणणार?

आणि झाडाने एकदाही तिला तोंडघशी पाडलं नाही. त्याने धरलं. त्याचं बघून उतारावरची बाकीची तेहतीस झाडंही धरत राहिली. तोंडात टाकलं तर जीभ आखडेल असं तुरट फळ. ते सोलून, देठाशी फांदीचा आडवा तुकडा ठेवून दोरीला बांधायचं, गंधकाची धुरी द्यायची आणि माळ्यावर टांगायचं. मग नोव्हेंबरात डोंगरावरून कोरडा, बोचरा वारा खाली उतरायचा आणि महिन्याभरात त्या तुरटाचं गोड करायचा. फळ आकसायचं, मऊ व्हायचं आणि शेवटी त्याच्या अंगातलीच साखर पांढरी भुकटी होऊन वर यायची. ती भुकटी आली की जिंकलं.

झाडाला दरवर्षी विचारलं. वाऱ्याला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

गेली दोन वर्षं वारा आलाच नव्हता. नोव्हेंबरात अंगातला स्वेटर काढून ठेवावा लागत होता. माळेवरची फळं वाळायच्या ऐवजी घामेजायची आणि मध्येच देठापासून सुटून खाली पडायची. त्यांची लेक मिहोको नागोयाहून फोनवर म्हणायची, "आई, सरळ यंत्र घ्या ना वाळवायला." शिगेझो शेजारून ओरडायचा, "सांग तिला, यंत्राला चार माणसं लागतात. इथे दीड आहे!" अर्धं कोण, यावरून मग दोघांची दुपारभर जुंपायची.

या ऑक्टोबरात फळं पिवळी पडायला लागली तेव्हा शिगेझो ओट्यावर बसून बराच वेळ उताराकडे बघत होता. मग म्हणाला, "यंदा माळा साधल्या तर ठीक. नाही साधल्या तर झाडं काढून टाकू. चौतीसच्या चौतीस."

"थोरलंसुद्धा?"

त्याने चहाचा घोट घेतला. पेला रिकामा होता. "ते बघू," तो म्हणाला.

नुसती उभी ठेवता येत नव्हती, हे फुसाएलाही ठाऊक होतं. न उतरवलेल्या फळांच्या वासावर अस्वलं खाली यायला लागली होती. गावच्या बैठकीत ठरलंच होतं, की ज्यांच्याने फळं उतरवणं होत नाही त्यांनी झाड ठेवू नये. चौऱ्याहत्तर वर्षांचा शिगेझो अजून शिडी चढत होता. शिडीखाली उभी राहून फुसाए मनातल्या मनात त्याच्या पायऱ्या मोजायची आणि तोंडाने शिव्या द्यायची.

यंदा त्यांनी थंडीची वाट बघितली. नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात सोलायचं ते दुसऱ्यावर ढकललं, दुसऱ्यातलं तिसऱ्याच्या तोंडावर नेलं. झाडावर फळं मऊ पडायला लागली तेव्हा नाइलाज झाला. चार दिवस दोघं सोलत बसली. सालींचा ढीग गुडघ्यापर्यंत आला. शेजारची कुमेयो हातभार लावायला आली. ती विधवा, फुसाएपेक्षा दोन वर्षांनी मोठी, आणि तिचा सुरीपेक्षा जिभेवर हात जास्त बसलेला.

"शिगेझो-सान, तुम्ही फळ सोलताय की त्याची हजामत करताय? अर्धा गर सालीबरोबर गेला."

"तुझ्या नवऱ्याची हजामत तूच करायचीस ना? म्हणून तो लवकर गेला."

कुमेयो इतकी हसली, की तिला सुरी खाली ठेवावी लागली. उताराच्या बाजूचं शेवटचं फळ उतरवून झालं तेव्हा शिगेझोने नेहमीप्रमाणे थोरल्या झाडाच्या शेंड्यावर एक फळ तसंच ठेवलं. ते झाडाचं. एकाला हरकत नाही, असं बैठकीतही सगळ्यांनी मान्य केलं होतं.

माळा टांगल्या. दोन दिवस बरं ऊन पडलं. मग पाऊस लागला तो चार दिवस. कोमट पाऊस, अंघोळीच्या पाण्यासारखा. शिगेझोने माळ्यावर तीन पंखे लावले. रात्रंदिवस ते घरघरत राहिले आणि त्या घरघरीतूनही खाली झोपलेल्या फुसाएला फळ पडल्याचा आवाज येत राहिला. आधी एक, मग थांबून दोन. तिने मोजायचं नाही असं ठरवलं आणि मोजत राहिली.

पाऊस थांबल्यावर पाचव्या दिवशी ती माळ्यावर गेली. निम्म्या माळा बोडक्या झाल्या होत्या. पण मागच्या खिडकीपाशी, जिथे जरा झुळूक लागायची तिथे, उरलेल्या फळांवर पांढरं काही चमकत होतं. महिना व्हायचा होता, पण साखर आली होती! एक फळ तिने अलगद खुडलं आणि जिना उतरताना दोनदा पायरी चुकली.

"अहो, आली! पांढरी आली!"

शिगेझो खोपीत होता. तो बाहेर आला, वर बघितलं. नुसती टोपी काढून पुन्हा घातली. त्याच्या लेखी हे नाचल्यासारखंच होतं. फुसाएने मिहोकोला फोन केला. मग ते फळ बशीत घालून देवघरात सासूबाईंच्या फोटोपुढे ठेवलं. "बघा," ती म्हणाली, "साधलं. थोरलं राहतंय."

दुपारी कुमेयो उदबत्ती लावायला आली. फोटोपुढे हात जोडले आणि तशीच वाकून राहिली.

"फुसाए-सान, तुझा चष्मा कुठाय?"

"गळ्यात आहे. का?"

"घाल."

फुसाएने चष्मा घातला. बशीतल्या फळावर बारीक लव उगवली होती, मांजराच्या पिल्लाच्या कानावर असते तशी. देठाजवळ ती हिरवट होत चालली होती.

कुमेयो हळूच म्हणाली, "जाऊ दे. तुझ्या सासूला असंही गोड चालायचं नाही."

फुसाएने बशी उचलली. सासूबाई फोटोत नेहमीसारख्याच रोखून बघत होत्या. एवढ्या वर्षांत पहिल्यांदा ती नजर तिला रास्त वाटली. लाज कसली वाटत होती, तर बुरशीची नाही. सकाळपासून ती किती सुखात होती, त्याची.

शिगेझोला सांगावं लागलं नाही. तो दाराशी उभा होता.

दुसऱ्या दिवशी त्याने उताराच्या टोकाला खड्डा खणायला घेतला. फळं पुरायचीच होती, उघडी टाकून चालणार नव्हतं. कंबरभर खणायचं ठरलं होतं. गुडघाभर झालं तेव्हा तो कुदळीवर रेलून उभा राहिला आणि त्याचा चेहरा राखेसारखा झाला. फुसाएने कुदळ ओढून घेतली.

"पुरे. पाठ धरली की मला तुम्हाला उचलून न्यावं लागेल."

"अजून थोडं..."

"पुरे म्हटलं ना!"

त्याने ऐकलं. तिने पाटीमागून पाटी रिकामी केली, वर्षभराची. माती लोटली, पायांनी दाबली. माती ओली होती, चांगली दबली. निदान तेव्हा तसं वाटलं.

डिसेंबर लागला तरी अस्वलं झोपायला गेली नव्हती. त्यांना तरी कोण सांगणार होतं, की हिवाळा आला? तीन तारखेला उजाडताना कुमेयो आपल्या वाफ्यात मुळा उपटायला गेली. तिचा वाफा आणि तो खड्डा यांच्यामध्ये नुसतं बांबूचं कुंपण होतं. फुसाएने आधी अस्वलं पळवायचा डबा वाजल्याचा आवाज ऐकला, मग किंकाळी. शिगेझो पंख्याची दांडी घेऊन अनवाणी धावला. तो पोचेपर्यंत अस्वल निघून गेलं होतं. खड्डा उकरलेला होता, माती चारी बाजूंना फेकलेली, आणि कुमेयो मुळ्यांमध्ये बसून आपला डावा हात उजव्या हाताने धरून बघत होती, जणू तो दुसऱ्या कुणाचा असावा.

हाताला सतरा टाके पडले. दवाखान्यात फुसाए पलंगाशेजारच्या खुर्चीच्या अगदी कडेवर बसली.

"खड्डा मी थांबवला," ती म्हणाली. "ते खणत होते. मी पुरे म्हटलं."

"काय तोंड पाडून बसलीस? माझा उजवा शाबूत आहे. भांडायला तेवढा पुरतो." कुमेयोने डोळे मिटले. "तोंडावर सगळं ते पांढरं लागलं होतं गं त्याच्या. बुरशी. ते मिटक्या मारत खात होतं. निदान कुणाला तरी तुमचा माल आवडला."

फुसाएला हसू आलं आणि ते मध्येच भलतीकडे वळलं. तिने पदरासारखा एप्रनचा कोपरा तोंडावर धरला.

"आणि ऐक," कुमेयो डोळे न उघडताच म्हणाली, "माझ्यासाठी म्हणून झाडं तोडू नका. मला नाही ते ओझं घ्यायचं."

पण त्या दिवसापासून संध्याकाळ झाली की कुमेयोच्या खिडकीची लाकडी झडप आतून लागायची, दोन दोन अडसर घातल्याचा आवाज यायचा. आणि मुळ्यांचा वाफा तसाच राहिला.

शिगेझोने खालच्या गावातल्या हिराबायाशीला फोन केला. तो पन्नाशीचा माणूस. करवत, दोऱ्या आणि मेहुणा असं सगळं सामान घेऊन झाडं पाडत हिंडायचा. यंदा त्याला खोऱ्यात उसंत नव्हती. जानेवारीतला एक सोमवार मिळाला. फोन ठेवून शिगेझो म्हणाला, "तेहतीस सांगितलीत." मग आणखी थोड्या वेळाने, "चौतिसाव्याचं तो आला की सांगू म्हटलं."

फुसाएने मनाशी एक हिशेब मांडला होता. थोरलं घराला लागून आहे. खालून हात पुरतो त्या फांद्या मी उतरवीन. वरच्या छाटून टाकू. एकच झाड, त्यात काय? रोज भांडी घासताना ती हा हिशेब नव्याने मांडायची. तो कधी जमायचा, कधी नाही.

सोमवारच्या आधी पंधरा तारीख आली.

पेज करावी की करू नये, हे तिला कळेना. हातांनी मात्र रात्रीच अझुकी भिजत घातली होती. सकाळी पेजेला उकळी आली तेव्हा खोपीचं दार करकरलं. म्हणजे त्याच्या हातांनाही कळलं नव्हतं. ती वाडगा घेऊन परसात गेली. दव नव्हतं, बर्फ नव्हता, जमीन भुसभुशीत होती. शिगेझो झाडापुढे उभा होता, पाय रोवून, कुऱ्हाड खांद्यावर.

फुसाए बुंध्याआड गेली. तिथे साल कमरेइतक्या उंचीवर पायऱ्यांसारखी कातरलेली होती. तिच्या आणि सासूबाईंच्या वेळच्या खाचा, एकावर एक भरून आलेल्या. तिने त्यांच्यावर हात ठेवला आणि वाट बघितली.

काहीच आवाज येईना.

"अहो, पेज निवतेय."

"हं."

"मग विचारा ना."

"काय विचारू?"

"घ्या! दरवर्षी काय विचारता?"

मग तो आपल्या रोजच्या आवाजात म्हणाला, "विचारलं तर ते धरीन म्हणेल."

"म्हणेलच की."

"आणि धरेलच. हे कधी खोटं बोललंय?" त्याने कुऱ्हाड खाली टेकवली. "गेली तीन वर्षंसुद्धा भरभरून धरलं. या येत्या ऑक्टोबरातही धरेल, शेंड्यापर्यंत. मी काय तिथे पोचणार आहे? मग ते अस्वल, आणि ती बाई कुंपणापलीकडे." तो थांबला. "बापजाद्यांपासून 'नाही धरलंस तर तोडीन' म्हणत आलो. आता हे धरतं म्हणून तोडायचं. हे याच्या तोंडावर कुठल्या तोंडाने बोलू, सांग?"

फुसाए बुंध्याआडच राहिली. तिथून तिला त्याचा चेहरा दिसत नव्हता, आणि ते बरंच होतं. तिचा भांडी घासतानाचा सगळा हिशेब त्या वाडग्यातल्या पेजेसारखा निवत गेला. खालच्या फांद्या मी उतरवीन, म्हणे. आणि वरच्या? आणि दोन वर्षांनी खालच्या?

तो पुढे आला नाही, खाच पाडली नाही. तिने जुन्या खाचांवरच पेज लावली. एकेका खाचेला थोडी थोडी, शेवटी बोटांनी पुसून. उरली नाही. त्या दिवशी दोघांनी पेज खाल्लीच नाही.

सोमवारी हिराबायाशी आला तेव्हा ऊन चांगलं पडलं होतं. सकाळभर करवत ओरडत होती. फुसाएने दहा वाजता चहा आणि लोणच्याचा मुळा दिला, बारा वाजता भात. उतारावरून डोंगर दिसायला लागले. इतकी वर्षं झाडांआडून दिसत नव्हते. ते बोडके होते, फक्त शिखरापाशी बर्फाचा धागा.

दुपारी हिराबायाशी खोपीपाशी आला आणि थोरल्या झाडावर तळवा ठेवून वर बघत म्हणाला, "बाप रे, काय म्हातारं आहे! हेही काढायचं का?"

शिगेझोने फुसाएकडे बघितलं. निकाल ठरलेला असतानाही माणूस ज्याचा शब्द चालतो त्याच्याकडे बघतो, तसं. हिराबायाशीला काही कळलं नाही. त्याला वाटलं, या घरात बाईचं चालतं. तो तिच्याकडे वळला.

"काय हो काकू? काढायचं?"

कुंपणापलीकडे कुमेयोच्या खिडकीची झडप भर दुपारी अर्धी लागलेली होती.

फुसाए दोन पावलं पुढे गेली आणि बुंध्याआड, आपल्या जागी उभी राहिली. खाचांवरची पेज वाळून तिचे लाल पोपडे झाले होते. "हो," ती म्हणाली. आवाज इतका हळू आला, की हिराबायाशीने कानामागे हात धरला.

"काढा," शिगेझो म्हणाला. "झाड हो म्हणतंय."

दोरी बांधली, आणि ते खोपीच्या उलट दिशेला, मोकळ्या उतारावर पडलं. आवाज फार मोठा झाला नाही. एखादा माणूस दमून बसावा तेवढाच.

मेहुणा फांद्या तोडायला लागला तेव्हा फुसाए शेंड्यापाशी गेली. झाडासाठी ठेवलेलं ते एक फळ अजून देठाला होतं. बुलबुलांनी एका बाजूची साल सोलून थोडा गर खाल्ला होता. उरलेलं आकसून, काळपट होऊन लटकत होतं, आणि जिथे साल नव्हती तिथे ते पांढरं होतं.

तिने गळ्यातला चष्मा घातला. मग तो काढून पुसला आणि पुन्हा घातला. बोट फिरवलं. लव नव्हती. बोटाला बारीक, कोरडी भुकटी लागली. ती तिने जिभेवर ठेवली.

"अहो," ती म्हणाली. "इकडे या जरा."

शिगेझो आला. तिने फळाचे दोन तुकडे केले, मोठा त्याला दिला. दोघं आडव्या बुंध्यावर बसली आणि उघड्या डोंगरांकडे बघत हळूहळू चावत राहिली. तो म्हणाला, "चांगलं वाळलंय."

"हं," ती म्हणाली. "अर्ध्याचा अर्धा ठेवा जरा. कुमेयोला देऊन येते."